सहावा फाऊल

माझा मेहुणा आणि मी, आम्ही दोघं एकमेकांशी सरळ बोललो असा एकही दिवस मला आठवत नाही. तसा तो माझ्याच डोळ्यांदेखत खेळाडू झाला म्हणा ना. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा बायको मागे लागली, याला तुमच्या क्लबात घ्या, नाहीतर गल्लीच्या तोंडाशी बसून वाया जाईल. घेतला. तेव्हापासून पंधरा वर्षं मी त्याच्या पाठीमागे उभा राहून खेळलो आणि पंधरा वर्षं तो माझ्या नावाने बोटं मोडत आला.

खेळ आमचा फुटसाल. बंद हॉलमधला फुटबॉल समजा. खाली लाकडी जमीन, एका बाजूला पाच माणसं, बॉल लहान आणि जड. तो उडत नाही, जमिनीला चिकटून पळतो. म्हणून तो तळव्याने थांबवायचा. वरून बुटाचा तळ ठेवला की बॉल मेलाच पाहिजे. हे एकदा पायात शिरलं की बाहेर निघत नाही. घरात कांदा घरंगळला तर माझा पाय आधी जातो, हात नंतर. बायको म्हणते, तुम्हाला पाय दिलेत ते चालायला, जेवणावर ठेवायला नाही.

मी बावीस वर्षं पगारावर खेळलो. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. माझी जागा सगळ्यात मागची, गोलकीपरच्या पुढे. कुणी आत येऊ नये म्हणून मी. लोक कुलूप म्हणायचे मला. आता मागच्या माणसाला एक गोष्ट करावी लागते. एकाच बॉलवर आपली दोन माणसं धावली तर आपटतात, म्हणून ज्याला घ्यायचाय त्याने ओरडायचं, "माझा." ओरडलं की दुसऱ्याने सोडायचं. हा सगळीकडचा नियम आहे, मी काढलेला नाही. माझा आवाज मोठा होता एवढंच.

सदतिसाव्या वर्षी गुडघ्याने नोटीस दिली. डॉक्टरने फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, इथे गादी असते, तुमची नाही. मी म्हटलं, कुठे गेली? म्हणाला, तुम्हीच घासून घासून संपवली.

क्लबचा मालक टायरवाला होता. ऑफिस दुकानाच्या माडीवर. जिना चढेपर्यंत नव्या रबराचा वास डोक्यात बसायचा. त्याने बोलावलं आणि खुर्चीवर बसायच्या आत विचारलं, "कोच होतोस?"

"मालक, मला लिहायचं-वाचायचं बेताचं."

"मला पण. तरी दुकान चालतंय ना? एक वर्ष देतो. टीम वरच्या गटात राहिली तर पुढचं बोलू. खाली गेली तर तू घरी."

घरी म्हणजे काय ते मला न सांगताच कळलं. मला दुसरं काहीच येत नव्हतं. चाळीशीच्या तोंडावर, एका पायाने अधू, सातवी शिकलेला माणूस कुठे जाऊन काय सांगणार, मी कुलूप होतो म्हणून?

पण मालकाने एक घोळ करून ठेवला होता. तीन महिने आधी त्याने हेच मेहुण्यालाही विचारलं होतं. तो टीमचा कप्तान. खेळता खेळता कोचिंग पण बघ, असं काहीतरी. मालकाची सवयच होती ती, जो जिना चढून येईल त्याला देऊन टाकायची. मला हे माहीत नव्हतं. मेहुण्याला वाटलं, मला माहीत होतं.

पहिल्या दिवशी सगळे हॉलच्या कडेला बाकांवर बसलेले. मी शिट्टी मारली. कुणी उठलं नाही. मेहुणा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. एक नाडी बांधायला माणसाला किती वेळ लागावा?

"चला," मी म्हटलं.

"आलोच, दाजी."

"इथे दाजी नाही. कोच म्हणायचं."

त्याने मान वर केली. तोंड अगदी गरीब. "कोच म्हणजे डबा ना, दाजी? रेल्वेचा?"

दोघं-तिघं जमिनीकडे बघून हसले.

"चाकं असतात त्याला," तो बाकीच्यांना समजावून सांगायला लागला, "पण आपलं आपण चालता येत नाही. ओढायला इंजिन लागतं."

मी नुसती पुन्हा शिट्टी मारली. बोलायला हवं होतं. आठवड्याभरात सगळी टीम मला दाजी म्हणायला लागली, ज्यांचा मी सात जन्मांत कुणी लागत नाही तीही. एकटा गोलकीपर म्हणाला नाही, कारण तो पहिल्यापासून मला 'ए' म्हणायचा. आडवातिडवा माणूस, दार भरून उभा राहायचा, त्याला आम्ही फाटक म्हणायचो.

कोच म्हणून मी वाईट होतो असं मी म्हणणार नाही. खेळ मला कळत होता. फक्त लांबून कळत नव्हता. सराव चालू असायचा, बॉल इकडून तिकडे फिरत असायचा आणि मला दिसायचं की आता हा चुकणार. मग मला राहवायचं नाही. मी आत शिरायचो आणि बॉलवर पाय ठेवायचो. सगळं बंद. मग मी सांगत बसायचो, तू इथे का, तो तिथे का. सांगून झालं की पाय काढायचो. पुन्हा दोन मिनिटांनी तेच. त्यांनी त्याला नाव ठेवलं, दाजीब्रेक.

"आम्हाला एकदा चुकू तरी द्या," मेहुणा एकदा म्हणाला.

"मॅचमध्ये चुकताच की. तिथे पोट भरत नाही?"

"तिथे तुमचा पाय नसतो म्हणून बरं."

सगळ्यात जास्त मी त्यांना फाऊलवरून पिडलं. आमच्या खेळात एक वाईट नियम आहे. अर्ध्या खेळात एका टीमला पाच फाऊल माफ. म्हणजे फाऊल होतो, पण समोर माणसांची भिंत उभी करता येते. सहाव्याला भिंत नाही. दहा मीटरवरून एक माणूस मारणार, मध्ये फक्त गोलकीपर. अर्धा गोलच तो. म्हणून मी कपडे बदलायच्या खोलीत फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, सहावा फाऊल पायाने होत नाही, डोक्याने होतो. त्यात मी 'डोक्याने' चुकीचं लिहिलं होतं. फाटकाने खाली खडूने मार्क दिले, दहापैकी चार. ते कुणी पुसले नाहीत. मीही नाही.

घरी वेगळीच गंमत. बायको मध्ये सापडलेली. दर रविवारी सासूबाईंकडे जेवायला जायचो. तिथे मेहुणा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मीठ हवं असलं तरी तो बहिणीला सांगायचा, तुझ्या नवऱ्यासमोर मीठ आहे. मी बायकोला सांगायचो, तुझ्या भावाला हात आहेत. एकदा तिने मिठाचं भांडं उचललं आणि मोरीत ओतलं. "आता जेवा दोघं," म्हणाली.

मधे एका परगावच्या मॅचला मी त्याला बसवला. सुरुवातीपासून. तो आदल्या आठवड्यात दोनदा उशिरा आला होता आणि मी सांगून ठेवलं होतं. त्याने राखीव खेळाडूचं नारिंगी जाकीट घातलं, त्यावरून कप्तानाची पट्टी चढवली आणि माझ्याशेजारी बसला. आणि मग तो मोजायला लागला. हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू येईल असं. मी कुणाला चुकीचा आत पाठवला की, "एक." टाइम-आउट मागायला उशीर केला की, "दोन." सहा-एकने हरलो. तो अकरापर्यंत पोचला होता. मला राग याचा आला की अकरापैकी नऊ बरोबर होते.

त्या रविवारी सासूबाईंनी हात धुवायच्या आधीच विचारलं, "माझ्या लेकाला तुम्ही बसवून ठेवता म्हणे?"

"एकदाच बसवला, आई."

"बसवायचाच होता तर दुकानात बसवायचा होता. चार पैसे तरी आणले असते."

मेहुणा ताटात बघून जेवत होता. त्याचे कान हसत होते. काही माणसांचे हसतात.

पुढच्या मॅचला मी त्याला परत घेतला. पर्याय नव्हता, डाव्या बाजूला त्याच्यासारखा कुणी नव्हता. तो आभार मानेल असं मला वाटलं नव्हतं आणि त्याने मानले नाहीत. असंच वर्ष ढकलत शेवटच्या मॅचपर्यंत आलो.

हिशोब सोपा होता. जिंकलो किंवा बरोबरीत सुटलो तर वर. हरलो तर खाली. म्हणजे मी घरी.

मॅच आमच्याच हॉलमध्ये होती, पण हॉल आमचा वाटत नव्हता. वर्षभर हरणारी टीम बघून आमचेच लोक आंबले होते. मी बाकाकडे चाललो तसा वरून एकाने आवाज दिला, "कुलूप गंजलं रे." दुसरा म्हणाला, "किल्ली मेहुण्याकडे आहे." मी वर बघितलं नाही. मालक पहिल्या रांगेत बसला होता, मांडीवर दोन्ही हात, कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा.

खेळ मात्र पोरांनी चांगला केला. खरं ते सांगायला पाहिजे. पहिल्या अर्ध्यात एक-एक. दुसऱ्यात समोरचे पुढे गेले आणि मेहुण्याने डाव्या कडेने तिघांना काढून असा गोल घातला की मी खुर्चीतून उठलो आणि गुडघा विसरलो. दोन-दोन. त्याने गोल घातल्यावर माझ्याकडे बघितलं. कुणी आपल्या गिऱ्हाइकाकडे बघतं तसं.

पण फाऊल होत गेले. तीन. चार. पाचवा मेहुण्याचाच, चार मिनिटं बाकी असताना. नको तिथे मागून पाय घातला.

"अक्कल कुठे ठेवून आलास?" मी ओरडलो.

"ताईकडे विसरली असेल," तो धावता धावता म्हणाला. "घरी गेल्यावर शोधा."

पाच झाले. घड्याळवाल्या बाईंनी टेबलावर पाचाची पाटी लावली. त्या आमच्या आणि त्यांच्या बाकांच्या मधे बसायच्या. आता एक जरी झाला तर दहा मीटर. मी उभाच राहिलो. हात तोंडाशी धरून एकच गोष्ट सारखी सांगत होतो, पाय आत ठेवा, पाय आत ठेवा, कुणी कुणाला शिवू नका. घसा बसला. बत्तीस सेकंद राहिले.

त्यांच्या एकाने लांब बॉल मारला, तो त्यांच्याच माणसाच्या नडगीला लागून आमच्या बाकाकडे यायला लागला. हळू. अगदी हळू. कडेची रेघ ओलांडली की बॉल आमचा, आणि आमचा झाला की बत्तीस सेकंद कसे घालवायचे ते आम्हाला येत होतं. मेहुण्याने ते बरोबर ओळखलं. बॉलला तो शिवलाच नाही. त्यांच्या माणसाला पाठीवर घेतलं, हात पसरले आणि बॉल जाऊ दिला. शहाणपणाचं काम. मी शिकवलं असतं तर हेच शिकवलं असतं.

बॉल रेघेवर आला. माझ्या पुढ्यात. मी रेघेपासून वीतभर लांब उभा होतो.

आता पुढचं मी शंभर वेळा सांगितलंय आणि शंभर वेळा लोकांनी विचारलंय, का? मला नाही माहीत. माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. मेहुण्याची पाठ समोर, बॉल घरंगळत येतोय, जड, दमलेला, आणि माझा उजवा पाय उचलला गेला आणि तळवा वरून बसला. बॉल मेला. अगदी मस्त मेला. बावीस वर्षांत तसा दहा वेळा बसला असेल.

आणि मी खाली बघितलं. बॉल रेघेवर होता. रेघ म्हणजे आत. बॉल अजून खेळात होता.

मी पाय काढला. काढायला अर्धा सेकंद लागला असेल. शिट्टी वाजली.

त्यांची सगळी टीम ओरडत आली, "कोचने अडवला, कोचने." पंच पलीकडच्या बाजूने धावत आला. दुसरा पंच गोलजवळ होता. मी त्या दोघांची तोंडं बघितली आणि मला कळलं की त्यांना दिसलेलं नाही. मेहुण्याची पाठ मध्ये होती आणि त्या पाठीवर त्यांचा माणूस. त्यांना एवढंच दिसलं की बॉल चालता चालता थांबला. मेहुण्याच्या आणि माझ्या पायांच्या मधे. मी बूटही तेच घातले होते जे टीम घालते. नवे घेतले नव्हते. पंचाने घड्याळवाल्या बाईंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, त्या घड्याळाकडे बघत होत्या.

कोचचा पाय असेल तर फाऊल. सहावा. कोच बाहेर आणि दहा मीटर. खेळाडूचा असेल तर काहीच नाही, बॉल टाकून खेळ पुढे चालू. आणि तीससुद्धा सेकंद उरले नव्हते.

पंचाने मेहुण्याला विचारलं. कप्तानच तो. "कुणाचा पाय होता?"

मेहुणा कमरेवर हात ठेवून उभा होता. धापा टाकत होता. घाम नाकाच्या शेंड्यावरून पडत होता. त्याने पंचाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. त्याच्या टाचेमागेच झालं होतं ते. तोंडावर रागही नव्हता, हसूही नव्हतं. पंधरा वर्षांत त्याचं असं तोंड मी बघितलं नव्हतं. त्याने श्वास घेतला, तोंड उघडलं.

"माझा," मी म्हणालो.

पंच वळला. "काय?"

"माझा पाय होता. माझा."

मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने ते मिटलं.

नंतर लोक मला म्हणाले, माणूस प्रामाणिक आहे, स्वतःचं नुकसान झालं तरी खरं बोलला. मालकाच्या दुकानातले दोघं-तिघं अजून म्हणतात. मी त्यांना काही बोलत नाही, पण ते खोटं आहे. प्रामाणिकपणा तिथे जवळपाससुद्धा नव्हता. मला फक्त त्या तोंडातून निघणारा शब्द ऐकायचा नव्हता. तो 'दाजींचा' म्हणाला असता तर त्याने मला बुडवलं असतं, ते चाललं असतं. पण तो 'माझा' म्हणाला असता तर? त्याने मला वाचवलं असतं. टीम वर राहिली असती, मी कोच राहिलो असतो, आणि दर रविवारी सासूबाईंच्या घरी तो समोर बसून जेवला असता. मीठसुद्धा मागितलं नसतं. नुसतं बघितलं असतं. मला ते सहन झालं नसतं. त्याच्या उपकाराखाली वर राहण्यापेक्षा मी सगळ्यांना घेऊन खाली गेलो. सात माणसांच्या पोटाचा प्रश्न होता आणि मी एवढाच विचार केला. तोही एका श्वासात.

पंचाने लाल कार्ड काढलं. बाईंनी पाचाची पाटी काढून सहाची लावली. वरून कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती मालकाच्या पायाशी पडली.

लाल कार्ड मिळालं की कोचला हॉलमध्ये थांबता येत नाही. मी बाहेर बोळात गेलो. तिथे जुन्या गाद्या रचून ठेवलेल्या असतात आणि एक तुटका वजनकाटा. लोखंडी दार मागे बंद झालं. आतलं सगळं ऐकू येत होतं, म्हणजे आधी काहीच ऐकू आलं नाही. तीनशे माणसं गप्प. मग बुटाचा एक आवाज, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, बॉल मागच्या फळीवर आपटल्याचा. मग थोडीच माणसं ओरडली. आमची असती तर सगळी ओरडली असती. मी वजनकाट्यावर बसलो. काटा हललाही नाही.

तीन-दोन.

कपडे बदलायच्या खोलीत मी आधीच जाऊन उभा होतो. पळून गेलो असं कुणी म्हणू नये म्हणून. ते एकेक करून आले. पहिला बूट माझ्या डोक्याशेजारी भिंतीवर लागला. कुणाचा ते मी बघितलं नाही. फाटक आत आला तो थेट फळ्यापाशी गेला.

"वर्षभर आमचं डोकं खाल्लंस," तो म्हणाला. "सहावा फाऊल, सहावा फाऊल. झोपेत ऐकू यायचं मला. आणि केला कुणी?" त्याने 'पायाने होत नाही' वर पंजा फिरवून पुसून टाकलं. "पायानेच होतो, ए. तुझ्या."

"मान्य," मी म्हटलं.

"मान्य काय करतोस? गप्प बसला असतास तर काय जीभ झडली असती? पंचाने तुला विचारलं होतं का?"

"नाही."

"मग?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मेहुणा कोपऱ्यात बसून पट्टी सोडत होता. दातांनी. सगळे बोलून झाले, शिव्या देऊन झाल्या, एक जण रडून झाला. मग तो बोलला. आवाज चढवला नाही. त्याने चढवला असता तर बरं झालं असतं.

"पंचाने मला विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"तुम्हाला नाही. मला."

"हो म्हटलं ना."

"पंधरा वर्षं," तो म्हणाला. "बॉल माझ्या पायापासून हातभर असायचा आणि मागून तुमचा आवाज यायचा, माझा. मी सोडायचो. वाटायचं, मोठा माणूस आहे, त्याला दिसतं. अर्ध्या वेळा तुम्ही पोचायचा पण नाही. तरी मी सोडायचो. आज बॉल नव्हता, दाजी. नुसता प्रश्न होता. तो पण तुम्ही सोडला नाहीत."

मी म्हटलं, "तू काय सांगणार होतास?"

त्याने पट्टी गुंडाळली, पिशवीत टाकली आणि बूट हातात घेऊन मोज्यांवरच बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी मालकाने बोलावलं. जिना चढलो. त्याने मला शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, "खाली गेलो."

"हो."

"मेहुण्याला केलाय कोच."

"बरोबर केलंत."

"तू इथे खाली काम कर. टायर काढ, टायर बसव. गुडघ्याला जमेल?"

जमत नव्हतं, पण हो म्हटलं. तेव्हापासून तिथेच आहे. चाक खोलायचं काम वाईट नाही. त्यात कुणी चुकायच्या आधी थांबवावं लागत नाही. टीम खालच्या गटात आहे. बरी खेळते असं ऐकतो. बघायला मी जात नाही. सराव चालू असताना मेहुणा म्हणे बाकावर हात मांडीखाली दाबून बसतो आणि एक शब्द बोलत नाही. चुकू देतो. फाटक म्हणाला, आधी वेड्यासारखं वाटतं, मग बरं वाटतं.

सासूबाईंकडे रविवारी आम्ही अजून जातो. तो माझ्याशी आता बोलतो. टायरविषयी, पावसापाण्याविषयी. सभ्य बोलतो. ते जास्त लागतं. पंचाला काय सांगणार होतास, हे पहिले सहा महिने मी विचारलं नाही. मग एकदा विचारलं, ताटावरून उठता उठता. त्याने ऐकलंच नाही असं केलं. मग बायकोला विचारायला लावलं. तिला म्हणाला, ताई, तू यात पडू नकोस. मग मी सासूबाईंनाही मध्ये घातलं, लाज सोडून. त्या म्हणाल्या, माझा लेक खोटं कधी बोलत नाही. म्हणजे काय समजायचं?

परवा तो दुकानात आला. गाडीचं पुढचं चाक बसलेलं. दुसरा माणूस जेवायला गेला होता, म्हणून मीच उठलो. जॅक लावला, नट काढले, चाक बाहेर घेतलं. पाण्यात बुडवून भोक शोधलं, खिळा होता, काढला, भोक भरलं. तो शेजारी उभा राहून फोनमध्ये बघत होता. चाक भरून झालं तसं मी ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि सगळे नट मुठीत घेतले.

"काय सांगणार होतास?"

त्याने फोन खिशात टाकला. गाडीकडे बघितलं, तीन चाकांवर उभी. मग माझ्या मुठीकडे.

"हे बरंय," तो म्हणाला.

"सांग. त्याशिवाय बसवत नाही."

"टॅक्सीने जातो."

"गाडी इथेच राहील."

"राहू द्या. तुमच्याकडे वेळ आहे, राखा तिला."

"अरे, दोन वर्षं झाली. माझी नोकरी गेली त्यात. मला कळायला नको?"

"तुमची नोकरी तुम्ही घालवलीत," तो म्हणाला. "माझं मी अजून बोललेलोच नाही."

"मग बोल ना आता."

तो माझ्याकडे बघत राहिला.  वर ऑफिसात मालकाची खुर्ची सरकली. मला वाटलं, बोलणार. यावेळी मी गप्प उभा राहिलो. दात आवळून उभा राहिलो. गुडघा ठणकत होता तरी हललो नाही.

"नाही सांगणार," तो म्हणाला. "तुम्ही मेल्यावरसुद्धा ताईला सांगणार नाही. विचारत राहा."

"हरामखोर आहेस."

"असेन."

तो दुकानाच्या दारापर्यंत गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. टॅक्सी बोलावली नाही. हात मागे बांधून नुसता उभा. मी थोडा वेळ नट मुठीत धरून बसलो. तेल आणि घाम एक झाला. मग चाक उचललं, लावलं, एकेक नट फिरवला, पाना लावून घट्ट केला. पुन्हा एकदा सगळे तपासले. रागाच्या भरात एखादा सैल सोडायची बुद्धी झाली होती, नाही असं नाही. पण त्या गाडीत कधीकधी माझी बायकोही बसते.